वॉर्डातला प्रश्न सभागृहापर्यंत

घाटी, ससून, मेयो, मेडिकल, केईएम, जेजे, सिव्हिल. ही नावं आपल्याला समजावून सांगावी लागत नाहीत. यांतल्या एखाद्याच्या पायऱ्यांवर आपल्या घरातल्या कुणीतरी रात्र काढलेली असते. शेजारी स्टीलचा डबा, अंगाखाली चादर आणि कान आतून येणाऱ्या सिस्टरच्या हाकेकडे.

गावातल्या ज्या डॉक्टरांवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, त्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरही बहुधा यांतलंच एखादं नाव असतं.

एकाच छताखाली इथं गरिबावर उपचार होतात आणि डॉक्टर घडतात. ही दोन कामं एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत. वाढलेलं यकृत हाताला कसं लागतं हे पुस्तकातून कळत नाही, त्यासाठी कुणाला तरी आपलं पोट पुढं करावं लागतं. मध्यरात्री कॅज्युअल्टीत आलेल्या शेतमजुराची जखम शिवताना इंटर्नच्या हाताला वळण लागतं. ज्यांच्याकडे खासगीत जायला पैसे नव्हते त्यांनी आपलं दुखणं उघडं केलं, आणि आपल्या सगळ्यांसाठी डॉक्टर तयार झाले. या ऋणाचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

छताला भेगा पडल्यात हे आपण रोज बघतो. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती छतावर लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची. ही रुग्णालयं आपल्या करातून चालतात. त्यांच्याकडे बघायला आपण माणसं निवडून देतो: विधानसभेत, संसदेत, महापालिकेत. तिथं प्रश्न विचारला जावा, मंत्र्यांनी उत्तर द्यावं आणि दिलेल्या शब्दाचा कुणीतरी पाठपुरावा करावा, अशी ही साधी रीत आहे. ती आपल्या हातून निसटत चालली आहे. कुणी ती हिसकावलेली नाही. आपण वापरत नाही म्हणून तिला गंज चढतो आहे.

ती अजून वाचवता येईल. म्हणूनच हे लिहितो आहे.

30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांतली 12 नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आकडा 31 वर गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या रुग्णालयात एका दिवसात 18 मृत्यू झाले होते. मुंबई उच्च न्यायालयानं नांदेडची आणि पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरची स्वतःहून दखल घेतली.

नांदेडला त्या दिवसांत आणखी एक प्रसंग घडला. पाहणीला आलेल्या एका खासदारांनी तिथल्या प्रभारी डीनना शौचालय साफ करायला लावलं. त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. अनेकांना ती बघून बरं वाटलं असेल. चोवीस मृत्यूंचा संताप कुठंतरी बाहेर पडणारच होता.

पण जरा थांबून विचार करूया. सफाई कामगारांची पदं डीन मंजूर करतात का? बाळांसाठीच्या अतिदक्षता कक्षात किती खाटा हव्यात, किती परिचारिका हव्यात, औषधांचे पैसे कधी सुटावेत, हे डीन ठरवतात का? पदं मंजूर होतात मंत्रालयात. पैसा मंजूर होतो विधिमंडळात. म्हणजे त्या शौचालयाची खरी चौकशी सभागृहातच होऊ शकत होती. मंजूर पदं किती, रिकामी किती, किती महिन्यांपासून, सफाईचं कंत्राट कुणाकडे, त्यावर देखरेख कुणाची? मंत्र्यांना या प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावी लागली असती, आणि ती उत्तरं कायमची नोंदली गेली असती. चित्रफीत आठवड्याभरात विरून जाते. सभागृहातलं उत्तर पंचवीस वर्षांनीही काढून दाखवता येतं.

नीट विचारलेल्या प्रश्नाची ताकद आपल्या राज्यानं पाहिलेली आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिलं गेल्यानं 14 रुग्णांचा जीव गेला. औषध म्हणून आलेल्या द्रवात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. प्रकरण एखाद्या कारकुनाच्या निलंबनावर मिटवता आलं असतं. तसं झालं नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी साक्षी नोंदवल्या आणि एकेक धागा उसवला: खरेदी कशी झाली, दर्जाची तपासणी का झाली नाही, अन्न व औषध प्रशासनात कुणी कुणाला पाठीशी घातलं, मंत्र्यांच्या दालनातून काय घडलं. 1988 मध्ये अहवाल विधिमंडळासमोर आला आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. ते चौदा जण परत आले नाहीत. पण शासकीय रुग्णालयातल्या औषधाच्या बाटलीमागे साखळी असते आणि तिच्या प्रत्येक कडीला नाव असतं, हे महाराष्ट्राला त्या वेळी पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

दुसरं उदाहरण दिल्लीचं, वैद्यकीय शिक्षणाचं. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या कारभाराबद्दल वर्षानुवर्षं कुजबुज होती. महाविद्यालयांच्या मान्यतेचे व्यवहार, तपासणीच्या दिवसापुरते उभे केलेले अध्यापक आणि आणलेले रुग्ण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि उघडपणे फारसं कुणी बोलत नव्हतं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं मार्च 2016 मध्ये आपल्या 92 व्या अहवालात ते स्पष्ट शब्दांत लिहून काढलं. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य होते, कॅमेरे नव्हते, घोषणा नव्हत्या. त्या कागदावरून पुढं 2019 चा कायदा झाला आणि सप्टेंबर 2020 मध्ये जुनी कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. नव्या आयोगाबद्दल मतभेद आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण लोकप्रतिनिधी मन लावून बसले तर देशभरातल्या डॉक्टरांच्या शिक्षणाची चौकट हलवू शकतात, एवढं त्यातून नक्की कळलं.

मग आज गंज कुठं चढलाय?

मुंबई महापालिकेकडे बघा. केईएम, सायन, नायर, कूपर ही चार रुग्णालयं आणि त्यांना जोडलेली वैद्यकीय महाविद्यालयं ती चालवते. केईएम 1926 पासून उभं आहे. तिथल्या खाटांवर परळचा गिरणी कामगार होता, आज गोवंडीतली घरकाम करणारी ताई आहे, आणि कोकणातून रात्रीच्या गाडीनं आलेले आजोबाही आहेत. या रुग्णालयांबद्दल विचारायला नगरसेवक असतात, आरोग्य समिती असते. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकच अंदाजपत्रक मांडत होते आणि प्रशासकच ते मंजूर करत होते. ठाण्यातही तेच. कळव्यात त्या एका दिवसात 18 माणसं गेली, तेव्हा ज्या सभागृहात महापौरांसमोर उभं राहून कुणीतरी टेबलावर हात आपटला असता, ते सभागृह रिकामं होतं.

निवडणुका लांबल्या याची चर्चा आपण पक्षांच्या नफ्यातोट्यापुरतीच केली. खाटेवरच्या माणसाचा बोलणारा गेला, हे आपल्या ध्यानातच आलं नाही.

आता राज्याकडे या. 9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रात एका दिवसात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. मिळून 900 जागा. मला याचा मनापासून आनंद आहे. गडचिरोलीच्या पोराला डॉक्टर व्हायला आणि गडचिरोलीच्या बाळंतिणीला मोठ्या उपचाराला आजवर जिल्ह्याबाहेर जावं लागायचं. ते अंतर कमी होत असेल, तर ज्यांनी ते केलं त्यांचे आभार मानायला हवेत.

पण महाविद्यालय म्हणजे फलक आणि फीत नव्हे. शरीररचनाशास्त्र शिकवायला प्राध्यापक लागतो. बालरोग विभागाला रात्री जागणारा निवासी डॉक्टर लागतो. रक्तपेढी, प्रयोगशाळा, वसतिगृह, ग्रंथालय लागतं. आयोगाची तपासणी आली की जुन्या महाविद्यालयातले अध्यापक काही दिवसांसाठी नव्या ठिकाणी पाठवायचे, ही पद्धत या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. एकच पांघरूण दोघांवर ओढलं की कुणाचे तरी पाय उघडे पडतात. तपासणी संपते, अध्यापक परततात, आणि नव्या महाविद्यालयातली पोरं रिकाम्या फळ्याकडे बघत बसतात. उद्या हीच पोरं आपल्या तालुक्यात डॉक्टर म्हणून येणार आहेत. त्यांच्या शिकण्यात आज राहिलेली फट उद्या आपल्यालाच भोवणार आहे.

त्यात आपल्याकडे दोन खाती. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यानं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत केले. चांगला निर्णय. मात्र तो त्या एका खात्याचा होता. नवं महाविद्यालय काढताना जिल्ह्याचं सिव्हिल त्याला जोडलं जातं आणि वैद्यकीय शिक्षण खात्याकडे जातं, तेव्हा कालपर्यंत फुकट मिळणाऱ्या तपासणीचं काय होतं? हा प्रश्न एखाद्या रुग्णानं केसपेपरच्या खिडकीवर विचारून सुटणार नाही. तो दोन मंत्र्यांना एकाच वेळी विचारावा लागेल, आणि तशी जागा एकच आहे.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2016-17 ते 2021-22 या काळातल्या राज्याच्या आरोग्यसेवेची सखोल तपासणी केली. तो अहवाल डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात मांडला गेला. डॉक्टरांची चौथ्या हिश्शाहून जास्त आणि परिचारिकांची तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पदं रिकामी असल्याचं त्यात आहे. औषधखरेदी राज्याच्या हाफकिन महामंडळाकडे एकवटल्यानंतर मागणी नोंदवूनही औषधं वेळेवर पोहोचली नाहीत, हेही आहे. पुढं 2023 च्या कायद्यानं औषधखरेदीसाठी वेगळं प्राधिकरण झालं. इतक्या कष्टानं केलेला दस्तऐवज आपल्या हातात आहे. असे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरीस येतात, दुसऱ्या दिवशी दोन कॉलमची बातमी होते, आणि मग सगळे आपापल्या गावी निघतात. लोकलेखा समितीत त्यावर नंतर काम होतं, पण आपण तिकडे वळूनही बघत नाही. समितीतल्या सदस्याला आपल्या मतदारसंघातून एकही पत्र येत नसेल, तर रात्र जागून ती पानं त्यानं का वाचावीत?

इथं मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला एका शासकीय रुग्णालयात नेलं होतं. सीटी स्कॅनचं यंत्र बंद. हातात बाहेरची चिठ्ठी. खाट नाही, खाली गादी. मी जे आपण सगळे करतो तेच केलं. ओळखीतून आमदारांच्या सहायकांना फोन लावला. ते सज्जन गृहस्थ. अर्ध्या तासात चक्रं फिरली आणि आत्याला खाट मिळाली. मी आभाराचा फोन करून वॉर्डात परतलो तर त्या खाटेवरचा माणूस खाली आमच्या गादीवर बसलेला. हाताला सलाईन तशीच. त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. तो नुसता थोडा सरकला, आत्याच्या पिशवीला जागा व्हावी म्हणून.

त्या रात्री वॉर्डात खाटा होत्या तेवढ्याच राहिल्या.

आपल्या आमदारांच्या कार्यालयात रोज असे फोन येतात. खाट मिळवून द्या, बिल कमी करून द्या, सहायता निधीचं पत्र द्या. अनेक आमदार रात्री-बेरात्री हे करतात, काहींनी त्यासाठी खास माणसं ठेवली आहेत, आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. अडलेला माणूस दुसरं काय करणार? पण आपण आमदारांकडे फक्त एकेका खाटेसाठी जात राहिलो, तर तेही आपल्याला एकेक खाटच देत राहतील. देखरेखीची जागा उपकारानं घेतली आहे, आणि ती घेऊ देण्यात माझा आणि तुमचाही हात आहे. खाटांची संख्या वाढावी, यंत्र दुरुस्त व्हावं, चिठ्ठी बाहेर जाऊ नये यासाठी त्याच आमदाराच्या हातात फोनपेक्षा कितीतरी मोठी हत्यारं आहेत. आपण ती मागितलीच नाहीत.

ती हत्यारं कोणती, हे समजून घेऊया. अवघड काही नाही.

तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागणारं उत्तर, त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी. अर्थसंकल्पात खात्याच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचनेतून आमदार आपल्या जिल्ह्याचं गाऱ्हाणं मांडू शकतो. आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात म्हणतात, सहा महिन्यांत यंत्र बसवू, पदं भरू. हे वाक्य हवेत जात नाही. त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि ते पाळलं की नाही हे विचारण्यासाठी एक समिती असते. विनंती अर्ज समितीही आहे. सदस्यामार्फत तुमचं-माझं निवेदन सभागृहापुढं ठेवता येतं. शिवाय शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना अभ्यागत मंडळ असतं आणि त्यावर लोकप्रतिनिधी असतात. आपल्या जवळच्या रुग्णालयाच्या अभ्यागत मंडळाची बैठक शेवटची कधी झाली? हा एक प्रश्न विचारला तरी किती फायली जागच्या हलतील!

भंडाऱ्याचंच घ्या. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेबद्दल किती शब्द दिले गेले, आठवून बघा. आज भंडाऱ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या शब्दांपैकी कोणते सभागृहात दिले होते, कोणते पुरे झाले, कोणते उरले? भंडाऱ्याच्या एका शाळाशिक्षकानं, एका वकिलानं, एका आईनं ही यादी करून आमदारांच्या हातात दिली, तर कुठला आमदार ती परत करेल?

लोकांना हे जमतं का, अशी शंका काढणाऱ्यांनी 2007 सालाकडे बघावं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रानं लोकाधारित देखरेख सुरू केली. अमरावती, नंदुरबार, ठाणे, पुणे आणि उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. गावातल्या बायाबापड्या बसून आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक तयार करायच्या. नर्सताई गावात येतात का, औषध मिळतं का, कुणी पैसे मागतं का? चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही रंग भरता यायचा. मग जनसुनवाई व्हायची. वैद्यकीय अधिकारी समोर, गावकरी समोर, मध्ये तो रंगीत तक्ता. सुरुवातीला डॉक्टर चिडायचे. पुढं अनेकांच्या ध्यानात आलं की हा तक्ता आपल्या बाजूनं बोलतो. औषधं वरूनच आली नाहीत हे डॉक्टरनं सांगितलं तर ती तक्रार होते. गावानं सांगितलं तर ती मागणी होते.

हा प्रयोग होता प्राथमिक केंद्रांच्या अंगणात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत तो नेला तर? तिथं तर विद्यार्थी आहेत, निवासी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. वसतिगृहातल्या गळक्या छताबद्दल, सलग छत्तीस तासांच्या ड्युटीबद्दल ते वेगळे भांडतात. आपण बाहेरच्या चिठ्ठीबद्दल वेगळे भांडतो. वॉर्डात या भांडणाची दोन टोकं समोरासमोर येतात, आणि कधी कधी ती मारहाणीपर्यंत जातात. हे फार दुःखाचं आहे, कारण दोघांचंही गाऱ्हाणं एकाच दाराशी न्यायचं आहे. थकलेल्या निवासी डॉक्टरावर हात उगारणारा नातेवाईक आणि नातेवाइकावर खेकसणारा डॉक्टर, दोघंही त्याच रिकाम्या पदांनी गांजलेले असतात.

म्हणून पहिलं काम हे करूया. आपल्या जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयासाठी दहा-बारा जणांचा गट. त्यात रुग्णांचे नातेवाईक हवेत, निवृत्त परिचारिका हवी, इंटर्न हवा, एखादा ज्येष्ठ डॉक्टर, एखादी आशाताई. पक्ष कुठलाही असो, गळ्यातला रुमाल दाराबाहेर.

दुसरं, माहिती. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या राज्यात त्याला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, तेव्हा निबंध लिहू नका. अमुक विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, एवढं पुरे. पुढच्या अर्जात यंत्रं: कोणतं यंत्र कधीपासून बंद, दुरुस्तीचा करार कुणाशी. त्यापुढच्यात औषधं. तीन अर्ज, तीस रुपये. जी माहिती मागावी लागू नये म्हणून कायद्याच्या चौथ्या कलमानं आधीच जाहीर करायला सांगितली आहे, तीही मागून घ्या.

आणि मग ते कागद घेऊन आमदारांकडे जा. तक्रार घेऊन जाऊ नका, तयार प्रश्न घेऊन जा. त्यांना दिवसाला दोनशे माणसं भेटतात. आकडे नीट मांडलेला, एका पानाचा, सरळ सभागृहात विचारता येईल असा प्रश्न हातात पडला तर बहुतेक लोकप्रतिनिधी तो आनंदानं घेतील. त्यांनाही सभागृहात चांगलं बोलायचं असतंच. सत्ताधारी असोत वा विरोधक, ज्यांनी विचारला त्यांचं गावात जाहीर कौतुक करा. फीत कापल्याचे फलक आपण लावतो, प्रश्न विचारल्याचा फलक कधी लावला का?

धर्मादाय रुग्णालयांकडेही हीच नजर हवी. सार्वजनिक न्यासांच्या या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची, ही योजना उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानं बांधून दिलेली आहे. 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर त्यावर राज्यभर आवाज उठला. आवाज उठतो आणि बसतो. आपल्या शहरातल्या अशा रुग्णालयाच्या दर्शनी भागात योजनेचा फलक आहे का, समाजसेवक कोणत्या खोलीत बसतात, एवढं तरी आपण आजारी पडण्याआधी जाऊन बघून येऊया.

आता वेळ. विधिमंडळ वर्षातून तीनदा भरतं, आणि प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. म्हणजे आमदारांना अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात भेटून उपयोग नाही, दोन महिने आधी भेटायला हवं. मुंबईचं अधिवेशन असेल तर विधानभवनापासून जीटी आणि कामा रुग्णालयं अगदी जवळ, आणि तिथंच मुंबईचं नवं शासकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरतं तेव्हा मेयो थोड्याच अंतरावर असतं आणि मेडिकलही त्याच शहरात. छिंदवाड्यापासून गोंदियापर्यंतचे रुग्ण तिथं थंडीत उघड्यावर शेकोट्या करून बसलेले असतात. राज्याचं अख्खं सभागृह त्यांच्या शहरात मुक्कामाला येतं आणि परत जातं.

तेव्हा आपल्या आमदारांना या महिन्यात एक पत्र लिहूया. शब्द साधे ठेवूया. साहेब किंवा ताई, येत्या अधिवेशनाच्या काळात एका सकाळी तुम्ही आमच्यासोबत रुग्णालयात या. ताफा नको, कॅमेरा नको. साडेसात वाजता केसपेपरच्या रांगेत आमच्याबरोबर उभे राहा. खिडकी उघडेपर्यंत शेजारच्यांशी बोला. मग वॉर्डात जाऊ, तिथल्या सिस्टर आणि निवासी डॉक्टर काय सांगतात ते ऐकू. तुम्हाला अकरा वाजता सभागृहात पोहोचायचं असतं हे आम्हाला माहीत आहे, वेळेत सोडू. प्रश्नाचा कागद आम्ही तयार ठेवला आहे. खाली सह्या आहेत, आणि पहिली सही त्या माणसाच्या बायकोची आहे, जो आत्ता खाली गादीवर आहे.